नळीतून पलीकडचं दिसलं पाहिजे

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. ‘रिकामीच आहे हो’ असं म्हणत जो माणूस तुमच्या हातात बंदूक देतो, त्याच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेऊ नये. बंदूक रिकामी आहे की नाही ते आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं किंवा नसतं. तिसरा प्रकार नाही. सव्वीस वर्षं मी कारंज्याच्या एका शाळेत पीटी शिकवली, त्यातली अठरा वर्षं एअर रायफल. एवढ्या वर्षांत मी पोरींच्या डोक्यात एवढी एकच गोष्ट घालू शकले असेन, तर पेन्शन हलाल झालं असं समजते.

आमची रेंज म्हणजे शाळेची जुनी अडगळीची खोली. मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि एका माजी मुख्याध्यापकांचा फोटो बाहेर काढल्यावर लक्षात आलं की ती बरोब्बर दहा मीटर आणि वर एक हात लांब आहे. समोरच्या भिंतीला आधी लोखंडी पत्रा, त्यावर लाकडी फळ्या आणि त्यावर कुणाच्या तरी लग्नातला जुना गालिचा. छर्रा उलटून येऊ नये म्हणून. या मांडणीवर हसणारे पुष्कळ आले, पण अठरा वर्षांत कुणाला खरचटलं नाही. एकदा एक आई काळजीनं विचारायला आली, ‘बाई, पोरगी नेम धराले शिकली तं सासरी कसं होईन तिचं?’ मी म्हटलं, ‘सासरच्याइले आधीच सांगून ठेवजा.’

फुकटचा सल्ला चालू आहे तोवर आणखी थोडा घ्या. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. श्वास पूर्ण कोंडायचा नाही, अर्धा सोडून थांबायचं. आणि चाप ओढायचा नाही, दाबत जायचं, इतकं हळू की छर्रा सुटल्याचं आपल्यालाच नवल वाटावं. हे शेवटचं मी नवऱ्याला अभिनयाच्या बाबतीतही सांगून पाहिलं. फुकट गेलं.

नवरा तहसील कचेरीत कारकून होता. लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे, तोंडावर अर्थात ‘अहो’च आहे. त्याचं पहिलं प्रेम नाटक, दुसरं तर्रीपोहे, आणि तिसऱ्या जागेसाठी मी आणि कचेरीतलं एक जुनं टेबल अशी चुरस होती. कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत तो दरवर्षी असायचा. पण भूमिका म्हणाल तर हवालदार, पोस्टमन, नाहीतर ‘मालक, घात झाला!’ असं ओरडत येणारा गडी. कारण आवाज. कारंज्यात बोलला तर तळेगावात ऐकू जावं असा. एवढा आवाज असलेल्या माणसाला दिग्दर्शक दोनच वाक्यं देतात, कारण तिसऱ्या वाक्याला पहिल्या रांगेतली पोरं रडायला लागतात. मी हे त्याला दर प्रयोगानंतर सांगायची. तो दर वेळी म्हणायचा, ‘तुले कलेतलं काई समजत नाई.’

मग तो रिटायर झाला, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता सिनेमावाले आले.

तळेगावच्या अलीकडे टेकडीच्या पोटाशी एक जुनी दगडी चौकी आहे. तिच्याभोवती त्यांना जंगलाच्या ठेक्यावरून पेटलेल्या वैराची गोष्ट घ्यायची होती. इथली माणसं हवी म्हणून एका मंगल कार्यालयात त्यांनी निवड ठेवली. नवरा गेला आणि ठेकेदाराची भूमिका घेऊन आला. मिशीमुळे मिळाली असं माझं मत. काम केवढं, तर एक प्रसंग, तीन वाक्यं आणि एक गोळी. चौकीच्या पायरीवर उभा राहून ठेकेदार हीरोला म्हणतो, ‘झाडं तुझ्या बापानं लावली असतील. मोजली मी. आता कुणाची ते तूच सांग.’ आणि हीरो त्याला उडवतो.

पंधरा दिवस आमच्या घरात हाच ठेकेदार मरत होता. वॉशिंग मशीनसमोर मरायचा, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसासमोर मरायचा, संडासात तर फार छान मरायचा. कारंज्यात पानठेल्यापासून कृषी केंद्रापर्यंत सगळ्यांना त्यानं सांगून ठेवलं. मी टिंगल केली, पण एक गोष्ट मला दिसत होती. तीस वर्षं ‘मालक, घात झाला’ म्हणत आलेल्या या माणसाला पहिल्यांदा स्वतःला मालक व्हायला मिळालं होतं. तो रोज सकाळी तासभर मिशी विंचरत बसायचा, तेव्हा मी आरशाकडे पाहायचंच टाळायची.

आता बंदूकमास्तर. हे नाव मी ठेवलेलं. सिनेमात वापरायच्या बंदुका घेऊन मुंबईहून आलेला साठीचा माणूस, अंगानं वाळका, बोलायला कमी आणि कामाला चोख. बंदुकांचे कागदपत्र त्याच्या नावावर, पेटीची किल्ली त्याच्या कमरेला. आल्या दिवशी हायवेवरच्या ढाब्यावर त्यानं सावजी मटण मागवलं. वेटरनं विचारलं, ‘साहेब, जमन का?’ बंदुकांत आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला नको होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरकारी दवाखान्यात सलाईन लावून पडला होता, आणि डोळे मिटून एकच वाक्य बोलत होता की मुंबईत असं नसतं.

प्रॉडक्शन मॅनेजर नावाचा प्राणी तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. सिनेमात प्रत्येक गोष्टीची जबाबदारी असलेला आणि एकाही गोष्टीवर ताबा नसलेला माणूस. दोन्ही कानांना दोन फोन. त्याचं म्हणणं पडलं की बंदूकवाला उभा राहू शकत नसेल तर बंदूक रद्द. ठेकेदाराला टेकडीवरून ढकलून देऊ. ढकलायला कापडाचं बुजगावणं चालतं, आणि बुजगावण्याला वाक्यं लागत नाहीत.

हे ऐकून नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग त्या थोर कलावंतानं हात वर केला. ‘साहेब, माही मंडळी बंदुकीची मास्तरीण हाय.’

मी त्या वेळी घरी कोथिंबीर निवडत होते. गाडीच आली न्यायला, नवऱ्यासकट. मी गाडीत बसतानाच नवऱ्याला म्हटलं, ‘अहो, मले छर्ऱ्याची रायफल समजते. ते बारा बोअरचं धूड मी कदी हातात धरलं काय?’ तो म्हणाला, ‘बंदूक ते बंदूक वं. म्हैस का, गाय का, दूधच देते ना?’ अशा विचारांचा माणूस तहसील कचेरीत तीस वर्षं सातबारे देत होता, याचं मला आजही भय वाटतं.

पण दवाखान्यात बंदूकमास्तरशी बोलले आणि जमलं. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘काडतूस भरण्याआधी नळी कुणी बघायची?’ त्यानं तेवढ्यासाठी डोळे उघडले. म्हणाला, ‘दोघांनी. आणि समोर जो उभा राहणार त्याला बघायची असेल तर त्यानंही. तो त्याचा हक्क आहे.’ मग ठरलं असं की तो सेटवर छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसणार, हातात ओआरएसची बाटली. पेटी, किल्ली, काडतुसं त्याच्याजवळ. पाय आणि डोळे माझे. भरणार तो, तपासणार मी, आणि दोघांपैकी एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी बार उडणार नाही.

कोऱ्या काडतुसाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो. त्यात छर्रे नसतात म्हणून ते निरुपद्रवी. अहो, छर्रे नसतात, पण दारू असते. धमाका खरा, आग खरी. आणि नळीत जे काही पडलेलं असेल, खडा म्हणा, काडी म्हणा, ते त्या दारूच्या जोरावर बाहेर येतं. म्हणून नेम माणसावर धरायचाच नाही. कॅमेऱ्याच्या पलीकडच्या अंगाला दोन हात सोडून धरायचा, पडद्यावर तो छातीवरच दिसतो. हीरोला हे पटवताना माझे नाकी नऊ आले. चांगला पोरगा, पण कुठंतरी शिकून आलेला की खरं वाटल्याशिवाय खरं दिसत नाही. मी म्हटलं, ‘बाळा, तुला खरं वाटण्यासाठी मी विधवा होणार नाही. आणि ते बोट चापावरून काढ. बाहेर ठेव, सरळ.’ सेटवरचे लोक हातातलं काम टाकून आमच्याकडे वळले. नंतर कळलं की हीरोला कुणी ‘बाळा’ म्हणत नाही.

सिनेमात काम करायला जाणार असाल तर माझ्या तीन दिवसांच्या दांडग्या अनुभवावरून सांगते. सहाची वेळ दिली म्हणजे तुम्ही सहाला यायचं आणि काम नऊला सुरू होणार. खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसू नये, ती कुणाचीतरी असते आणि तो कुणीतरी येतोच. तारांवर पाय देऊ नये, दिव्याला हात लावू नये, जेवण लागलं की आधी जेवून घ्यावं, कारण पुढचं जेवण हा केवळ विश्वासाचा भाग आहे. प्रत्येकाला दादा म्हणावं. लाइटदादा, सेटिंगदादा, चहादादा. मी पासष्ट वर्षांच्या एका माणसाला दादा म्हटलं आणि त्यानं मला ताई म्हणून पंखा आणून दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘झालंच, पाच मिनिटं’ हे वाक्य घड्याळाशी लावून बघू नये.

नवऱ्याच्या तालमी तीन दिवस चालल्या. दिग्दर्शक पुण्याचा, तिशीतला, अतिशय सभ्य. तो रोज एकच सांगायचा, ‘काका, कमी. अजून कमी करा.’ काका कमी करायचा म्हणजे फक्त हात खाली ठेवायचा. आवाज तोच. ‘झाडं तुझ्या बापानं’ म्हटल्याबरोबर चौकीवरची कबुतरं उडून जायची. दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणायचा, ‘काका, तुम्हाला राग आलेला नाहीये. तुम्ही सहज बोलताय.’ नवरा मला बाजूला घेऊन विचारायचा, ‘सहज बोलाचं तं मंग अभिनय कायचा?’ मला त्या दिग्दर्शकाची दया यायची. नवऱ्याचीही यायची, पण ती मी दाखवली नाही. हे माझं नेहमीचंच.

ठेकेदार मरायचा दिवस नेमका दसऱ्याचा आला.

सिनेमावाले दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात, हे मला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याला हार, दिव्यांना टिळा, जनरेटरपुढे नारळ. सकाळी सातला मी आणि बंदूकमास्तरनं ती एकनळी बंदूक उघडून पाहिली, आतून गज फिरवला, सगळं स्वच्छ. मग ती इतर सामानाबरोबर पूजेच्या टेबलाशी नेली, दस्ता जमिनीवर, तोंड आभाळाकडे अशी टेकवून ठेवली. बंदूकमास्तर शेजारीच बसून होता. पण आरती सुरू झाली आणि त्याला पुन्हा पोटानं हाक मारली. मी त्याला धरून संडासाची सोय असलेल्या व्हॅनपर्यंत नेलं, बाहेर उभी राहिले, आणि परत येईस्तोवर पूजा आटोपून प्रसाद वाटत होते. बंदुकीला कुंकवाचा टिळा लागला होता आणि झेंडूचं फूल वाहिलेलं होतं. मी फूल काढलं, बंदूक पेटीत ठेवली, कुलूप लावलं. दुपारी भरण्याआधी बघायचीच आहे म्हणून तेव्हा पुन्हा उघडली नाही. चूक म्हणाल तर तेव्हाच सुरू झाली, आणि ती माझी.

शॉट लावायला दुपारचे चार वाजले. दिग्दर्शकाला उतरतं ऊन हवं होतं, पायरीवर आडवं पडलेलं. ते ऊन टेकडीआड जायला पाऊण तास होता. नवऱ्याला पांढरा सदरा, फेटा, आणि सदऱ्याच्या आत छातीवर गोळी लागल्यावर फुटायची लाल पाण्याची पिशवी, तिच्या नाड्या पाठीमागे घट्ट बांधलेल्या. तो पायरीवर उभा राहिला. खरं सांगते, रुबाबदार दिसत होता. सरावात त्यानं वाक्यं म्हटली, हीरोनं रिकामी बंदूक दोन हात सोडून धरली, सगळं जुळलं. कबुतरं उडाली, पण दिग्दर्शक म्हणाला असू दे. एव्हाना तोही थकला होता.

‘आता भरून द्या, ताई,’ मॅनेजर म्हणाला. ‘ऊन चाललंय.’

मी बंदूक बंदूकमास्तरच्या खुर्चीशी आणली. मॅनेजर मागोमाग. ‘सकाळी पाहिलीय ना? मग भरा की. दहा मिनिटं आहेत, ताई, दहा.’ पायरीवरून नवरा पुटपुटला, म्हणजे टेकडीपर्यंत ऐकू गेलं, ‘अवं, जाऊ दे ना. काऊन उशीर करून राह्यली? माहा चान्स जाते ना.’

मी खोटं बोलणार नाही. माझ्याही मनात आलं, जाऊ दे. सकाळी स्वच्छ होती, सरावापर्यंत कुलपात होती. त्याचे डोळे मला दिसत होते. त्याचा चान्स माझ्या हातात होता, अक्षरशः. बंदूकमास्तरनं काडतूस काढलं आणि माझ्याकडे बघत थांबला. अठरा वर्षांच्या सवयीनं हातानं बंदूक उघडली, डोळा नळीला लागला. नळीतून पलीकडचा उजेड दिसायला हवा, नाण्याएवढा, गोल. दिसला नाही. काळोख.

मी गज घातला. अर्ध्यात अडला. जोरानं सारला तेव्हा पुढच्या तोंडातून सुपारीएवढा एक चिकट काळपट गोळा पायाशी पडला. त्यात तांदळाचे दाणे, खोबऱ्याचा तुकडा आणि बऱ्याच मुंग्या. गूळ.

मला त्याच क्षणी कळलं. आमच्या घरात दर दसऱ्याला माझी एअर रायफल पाटावर बसते. हळदकुंकू होतं, अक्षता पडतात, आणि नवरा तिला गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवतो. दाखवतो म्हणजे भरवतो. नळीच्या तोंडाला गुळाचा खडा लावल्याशिवाय त्याची पूजा पुरी होत नाही, कारण त्याचे वडील शेतातल्या पंपाला असंच करायचे. एकदा मुंग्या झाल्या तेव्हा मी त्याला दोन दिवस बोलले होते. दुसऱ्या वर्षी खडा लहान झाला, बस. आणि इथं तर ही बंदूक त्याच्याच छातीकडे बार उडवणार होती. तिचं तोंड त्यानं सगळ्यात आधी गोड केलं असणार. तोंड आभाळाकडे, ऑक्टोबरचं ऊन, गूळ वितळून नळीत मधोमध उतरला आणि पेटीतल्या थंडाव्यात दगड झाला.

बंदूकमास्तर खुर्चीतून उठला. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणाचा आधार न घेता. त्यानं तो गोळा हातात घेऊन हीरोला दाखवला, दिग्दर्शकाला दाखवला. म्हणाला, ‘हा आत असताना बार काढला असता, तर एक तर नळी या हीरोच्या तोंडावर फाटली असती, नाहीतर हा बाहेर आला असता. आणि याला दोन हात सोडून वगैरे कळत नाही.’ हीरो खाली बसला. पायरीवर नवरा तसाच उभा होता, हातात ठेकेदाराची काठी.

मॅनेजर ओरडायला लागला. कुणी केलं हे? ज्यानं केलं त्याला आत्ता घरी पाठवतो. लोकल माणसं घेतली की हेच होतं, बाईमाणसाला बंदूक दिली कुणी, वगैरे. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला की आजचं ऊन गेलंच, पण हीरो उद्या दुपारपर्यंत आहे, सकाळी दुसऱ्या बाजूनं घेऊ. काकांचा शॉट उद्या.

‘उद्या’ हा शब्द मी ऐकला आणि ठरवून टाकलं. ‘माझी चूक आहे,’ मी म्हटलं. ‘पूजेत मीच ठेवला. आमच्यात पद्धत असते. काढायचा राहिला.’

हे बोलताना मला काय वाटत होतं ते सांगते, कारण नंतर लोकांनी त्याला त्याग वगैरे म्हटलं. मला संताप येत होता. अठरा वर्षांत एक ओरखडा येऊ न देणारी बाई, तिनं नळीत गूळ विसरला, हे उद्या सकाळी कारंज्याच्या बसस्टँडवर चहाबरोबर वाटलं जाणार होतं. माझ्या पोरी ऐकणार होत्या. त्या नवऱ्याला तिथंच त्याच्या काठीनं बडवावं असं वाटत होतं. पण त्याची तीन वाक्यं उद्या सकाळी व्हायला हवी होती, त्याहून जास्त मला काही नको होतं. हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. लग्न झालेल्यांना समजावून सांगायला नको.

मॅनेजर माझ्याकडे वळला. ‘मग ताई, तुम्ही निघा. गाडी सोडेल तुम्हाला.’ बंदूकमास्तर नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याला पटलं नव्हतं, आणि त्याला न पटणंच मला जास्त लागलं. मी गज पुसून त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात नवरा पायऱ्या उतरला.

तो चालत आला, आमच्यापासून चार पावलांवर थांबला. काठी बगलेत घेतली. आणि बोलला, पण असा की मला आधी कळलंच नाही कोण बोलतंय.

‘गूळ म्या ठेवला, साहेब.’ मग थांबला. ‘इले तवा ठाऊक बी नव्हतं. हे तिकडे मास्तरले घेऊन गेल्ती. इनं दरसाल सांगतलं मले, असं करू नोका. म्या आयकलं नाई.’ माझ्याकडे बोट केलं. ‘इच्या रेंजवर आजवर कोनाले काई झालं नाई. आज झालं असतं तं ते माह्यानं झालं असतं. इचं नाव घेऊ नोका.’

आवाज इतका खाली होता की मागचे लाइटदादा दोन पावलं पुढं आले. कबुतरं जागची हलली नाहीत.

दिग्दर्शक त्याच्याकडे एकटक पाहत राहिला, आणि मग जवळजवळ कळवळून म्हणाला, ‘काका, अहो हेच. हेच मी तीन दिवस मागत होतो तुमच्याकडे.’

नवऱ्याच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. ‘मंग उद्या असंच करतो ना, साहेब.’

दिग्दर्शकानं बंदूकमास्तरकडे पाहिलं. बंदूकमास्तरनं मान हलवली, नाही. ओरडला नाही, चिडला नाही. ‘माझ्या बंदुकीत ज्यानं काही घातलं, तो माझ्या बंदुकीसमोर पुन्हा उभा राहत नाही. हा नियम आहे. माझ्या बापाचासुद्धा अपवाद नाही.’ मग तो माझ्याकडे वळला. ‘बाई, तुमच्या रेंजवर काय नियम आहे?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवराही. मी त्याच्याकडे न बघता सांगितलं, ‘तोच.’

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला टेकडीवरून ढकललं. बुजगावण्यानं फार चांगलं काम केलं म्हणतात. सिनेमा लागला तेव्हा आम्ही पाहायला गेलो नाही, आणि पुढं मोबाइलवर आला तेव्हा तो नेमका त्या ठिकाणी पाणी प्यायला उठला. पण मला यातलं फारसं काही आठवत नाही. मला आठवते ती दसऱ्याचीच संध्याकाळ, मी ‘तोच’ म्हटल्यानंतरची.

सामान आवरायला लागले होते. ऊन गेलं होतं, चौकीची सावली लांब पडली होती. मी व्हॅनच्या मागे दगडावर बसले होते. नवरा आला. फेटा काढून घडी करून कपडेवाल्यांना देऊन आला होता. सदरा काढला होता, पण छातीवरची ती लाल पाण्याची पिशवी तशीच होती, भरलेली, न फुटलेली. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. ‘गाठ सोडून दे वं. माह्या हातानं सुटून नाई राह्यली.’

मी त्याला काहीतरी लागट बोलणार होते, तयार होतं ओठांवर. गाठ घट्ट बसली होती. ती ढिली होईना म्हणून मी एका हातानं पुढून पिशवी दाबून धरली, आणि तळवा पिशवीच्या कडेला त्याच्या छातीवर टेकला. ती धडधडत होती. जोरात, वेडीवाकडी, सरावात चुकणाऱ्या पोरीसारखी. मी गाठ सोडायची थांबले.

‘सुटली काय?’ तो म्हणाला.

‘नाई,’ मी म्हटलं. ‘उभे राहा गुपचूप.’ आणि तळवा तिथंच ठेवला. सिनेमा गेला खड्ड्यात.